गीथाचा आठवा तुकडा

एक

एकोणचाळीस फूट कापड टांगायला घेतलं आणि ते छत्तीस फुटांवरच संपलं.

मी खाली खुर्चीवर बसून वर बघत होतो. खरं म्हणजे मला तिथे बसायचंच नव्हतं. शनिवार होता, घरी वरण-बट्टी व्हायची होती. पण एरंडोलच्या आमच्या कॉलेजच्या संस्थेने मला सभासद करून ठेवलंय. छत्तीस वर्षं महसूल खात्यात काढली, तलाठ्यापासून सर्कल ऑफिसरपर्यंत गेलो, तर लोकांना वाटतं की ह्या माणसाला भानगडी आवडतात. मला भानगडी आवडत नाहीत. मला दुपारी झोपायला आवडतं.

"नाना, हे कमी कसं पडलं?" शिडीवरून नाजमीन मॅडमनी विचारलं. ह्या इतिहासाच्या तासिकेवरच्या प्राध्यापिका. पोरगी हुशार, पण विषय निवडावा तर कुठला? हजार वर्षांपूर्वीचं इंग्लंडातलं एक घराणं. गॉडविन नावाचा जबरदस्त सरदार, त्याची बायको गीथा, आणि पोरांची ही फौज. राजापेक्षा ह्यांचाच रुबाब मोठा. हे सगळं तेरा चित्रांत, कापडावर, भरतकामात. एरंडोलच्या तेरा बायकांनी एकेक चित्र भरलं आणि इसाकभाई टेलरने ते जोडून एक लांब पट केला. संध्याकाळी पाच वाजता त्याचं उद्घाटन होतं, पाहुणे धुळ्याहून निघायचे होते.

भरलेला धागा विस्कटू नये म्हणून इसाकने प्रत्येक चित्रावर पातळ मलमल टाचून ठेवली होती. मॅडम ती आता एकेक काढत गेल्या. सात चित्रं बरोबर आली. सातव्याच्या पुढे एकदम नववं.

"आठवं नाही," त्या म्हणाल्या आणि शिडीवरच बसल्या.

हॉलमध्ये चाळीसेक माणसं होती. संस्थेचे अध्यक्ष प्रेमराज आबा, ऑफिसचे सुपरिटेंडंट किरणभाऊ, भरतकाम केलेल्या बायका, मांडववाले. सगळ्यांदेखत आबा इसाककडे वळले.

"आठवा तुकडा तुला पाहिजे होता ना? चार वेळा मागितलास. घेतलास शेवटी. चोर तो चोर."

इसाक अडुसष्ट वर्षांचा. हातातली टेप त्याने गळ्यात घातली, परत काढली.

"चार वाजेपर्यंत तुकडा माझ्या टेबलावर आला नाही, तर पोलिसात नाव जाईल," आबा म्हणाले. मग माझ्याकडे बघून, "नाना, तुम्ही बघा जरा. तुम्हाला ह्यातलं कळतं."

घड्याळात सव्वाअकरा झाले होते.

दोन

चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायची घाई ह्या गावाला फार. पण आबांच्या बोलण्याला आधार नव्हता असं नाही, हीच तर पंचाईत. आठवं चित्र इसाकच्या बायकोने, मदिनाने, भरलं होतं. शेवटचे दोन महिने अंथरुणावर बसून. चित्र पुरं झालं आणि आठवड्याने ती गेली. नंतर इसाकने मॅडमना विचारलं, प्रदर्शन झालं की तेवढा तुकडा मला मिळेल का. मॅडम हो म्हणाल्या. किरणभाऊ नाही म्हणाले. पट डेडस्टॉक रजिस्टरला चढलाय, आता ती संस्थेची मालमत्ता, एक दोराही हलणार नाही. हा किरण म्हणजे नियमाचा पुतळा. ह्याच्या हाताखाली माणूस मेला तरी आधी अर्ज मागेल.

मी इसाकला स्टेजमागच्या खोलीत नेलं.

"नाना, मैं चोर हूँ क्या?" तो म्हणाला. "आपल्या गावात अर्ध्या घरांचं कापड माझ्या दुकानात पडलेलं असतं. लग्नाचं, ईदचं, शाळेचं. कुणी पावती मागत नाही. उद्यापासून कोण देईल? चोर म्हटल्यावर?"

"तुकडा तू घेतलास का?"

"मला घ्यायचा असता तर बुधवारपर्यंत पट माझ्याच दुकानात होता. दिलाच नसता तेवढा."

हे मलाही पटत होतं. पण पटणं म्हणजे पुरावा नव्हे. आबा म्हणणार, संशय दुसऱ्यावर जावा म्हणून आधी दिला आणि मग काढला. बोलणाऱ्याचं तोंड कोण धरणार?

"चल, जोड दाखव," मी म्हणालो.

पट खाली उतरवून टेबलावर घेतला. सातवं आणि नववं चित्र जिथे एकमेकांना भिडत होतं तिथे मी चष्मा लावून वाकलो, आणि माझं डोकं आणखी तापलं. चोराने कापड कापलं नव्हतं. दोन्ही बाजूंची मशीनची शिलाई टाका टाका करून उसवली होती. आठवा तुकडा काढला होता आणि मग सातवं आणि नववं परत हाताने शिवून ठेवलं होतं. अस्तरसुद्धा नीट मिटवलं होतं. गाठ आत दाबलेली, बाहेर एक टोक दिसत नव्हतं.

आता मला सांगा, चोरी करून मागे शिवून जाणारा चोर कुणी पाहिलाय?

इसाकने त्या शिलाईवरून अंगठा फिरवला. "हे माझं नाही. मी हाताने जोडत नाही, मशीन असताना कशाला? आणि हा दोरा बघा, जाड, दुहेरी. गोधडीचा." त्याने जोड परत उजेडाकडे धरला. "हात जुना आहे नाना. फार जुना."

तीन

किरणभाऊंना मी त्यांच्याच टेबलावर गाठलं. त्यांनी आधी मला विचारलं, चौकशीचा लेखी आदेश आहे का. मी म्हटलं, आहे, माझ्या भुकेचा. तेव्हा बोलायला लागले.

पट बुधवारी संध्याकाळी ऑफिसात आला. गुरुवारी दुपारी आबा म्हणाले, मला आधी घरी बघायचाय. म्हणून किरणभाऊ तो गाठोडं करून आबांच्या बंगल्यावर घेऊन गेले. आबांना नेमकी बाजार समितीची माणसं भेटायला आली, बघायला वेळ झाला नाही. पट रात्रभर तिथेच राहिला, शुक्रवारी सकाळी परत ऑफिसच्या कपाटात. किल्ली एकच, किरणभाऊंच्या कमरेला.

"म्हणजे उघडून कुणीच बघितला नाही?"

"बघायचा कशाला? यादी होती ना." त्यांनी फाइलीतून मॅडमनी केलेली यादी काढली. तेरा चित्रं, नंबर आणि नाव. "आबांना मी ही बंगल्यावरच वाचून दाखवली. मोठ्याने. त्यांचा चष्मा आत होता."

मी यादी घेतली. एक, गीथाचं लग्न. दोन, लेकरं. तीन, लेक राजाच्या घरी दिली. चार, नवरा जेवताना मरतो. पाच, हॅरॉल्डला मुकुट. सहा, भाऊ भावावर चालून येतो आणि मरतो. सात, एका दिवसात तीन मुलं पडतात. आठ, आई मुलाचा देह मागते. पुढे नऊ ते तेरा, म्हातारी गीथा शहर धरून बसते, वेढा पडतो, बेटावर जाते, शेवटी जहाजात बसून देश सोडते.

ह्या किरणला सुईत दोरा ओवता येत नाही हे मी शपथेवर सांगतो. पंधरा ऑगस्टला शर्टाचं बटण तुटलं तर ह्यांनी स्टेपलर मारला होता. बरं, ह्यांना तुकडा नेऊन करायचं काय? पण मला एक गोष्ट खटकली.

"सहावं वाचलं तेव्हा आबा काय म्हणाले?"

किरणभाऊ खुर्चीत मागे सरकले. "म्हणाले, हे कुणी सुचवलं? मी म्हटलं, इतिहास आहे आबा. तर म्हणाले, इतिहास गेला खड्ड्यात, माझ्या भावाला त्याच दिवशी का बोलावलंय मग?"

चार

इथे आबांच्या घरचं सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

आबांचा धाकटा भाऊ योगराज. तीन वर्षांपूर्वी बाजार समितीच्या निवडणुकीत दोघे समोरासमोर उभे राहिले. आबा निवडून आले, योगराज धुळ्याला निघून गेला. तेव्हापासून बोलणं नाही, येणं-जाणं नाही, पुतणीच्या लग्नातसुद्धा मांडवाच्या दोन टोकांना दोघे. आई भिकुबाई, चौऱ्याऐंशी वर्षांच्या, आबांच्याच घरी असतात. त्यांनी यंदा हट्ट धरला की कार्यक्रमाला योगराजला बोलवा, माझ्यासमोर दोघं एका स्टेजवर बसा. आईपुढे आबांचं चाललं नाही.

आणि अशा दिवशी त्यांच्या डोक्यावर चित्र काय, तर भाऊ भावावर चालून येतो. वा मॅडम.

मी मॅडमना जाऊन तेच म्हटलं. त्या चिडल्या. त्यांनाही अधिकार होता चिडायचा.

"नाना, ते चित्र काढलं तर गोष्टच उरत नाही. टॉस्टिग धाकटा. त्याचा मुलूख गेला तेव्हा थोरल्याने, हॅरॉल्डने, त्याची बाजू घेतली नाही. मग तो परक्या राजाला घेऊन आला. हॅरॉल्ड उत्तरेला धावला, लढाई जिंकली, भाऊ मेला. तोवर दक्षिणेला समुद्रापलीकडून विल्यम फौज घेऊन उतरला. तीन आठवड्यांच्या आत हॅरॉल्ड आणि आणखी दोन भाऊ एका दिवसात गेले. घर असं संपलं. भाऊ एक असते तर कदाचित विल्यम टिकला नसता."

"आणि विल्यमचा हक्क काय होता?"

"तो म्हणायचा, मेलेल्या राजाने मला गादी कबूल केली होती, आणि हॅरॉल्डनेही माझ्यापुढे शपथ घेतली होती."

"तोंडी?"

"तोंडी."

मी कपाळाला हात लावला. राजा निपुत्रिक मरतो, मेव्हणा हॅरॉल्ड गादीला नाव लावून मोकळा होतो, तिसरा येतो आणि म्हणतो मला तोंडी कबूल केलं होतं. अशा वारस-नोंदी मी नोकरीत दोनशे फेटाळल्या असतील. तोंडी कबुलीवर अख्खा देश. त्यांच्याकडे एक तलाठी असता तर एवढी माणसं मेली नसती.

पण यातून एक गोष्ट निघाली. सहावं चित्र कुणाला नको असेल, हे गावातलं शेंबडं पोर सांगेल. आठवं मात्र इसाकशिवाय कुणाला हवंही नव्हतं आणि कुणाला नकोही नव्हतं. आणि गेलं होतं आठवं.

मी योगराजला फोन लावला. तो धुळ्याहून निघाला होता, पारोळ्याच्या अलीकडे होता. गुरुवारी कुठे होतास विचारल्यावर त्याने दोन मिनिटं मला ऐकवलं, मग सांगितलं की दिवसभर आणि रात्रीही धुळ्यात, व्याह्याच्या ऑपरेशनला दवाखान्यात. मी व्याह्यालाही फोन केला. खरं होतं. धाकटा यातून सुटला.

एक वाजून गेला होता. घरून तीन मिस्ड कॉल, म्हणजे बट्ट्या गार.

पाच

दोन वाजता आबांना भेटलो. त्यांना मी सरळ विचारलं की सहावं चित्र तुम्हाला नको होतं ना.

"नको होतं," ते म्हणाले. "पण काढायला लावलं असतं तर गाव काय म्हणालं असतं? चोराच्या मनात चांदणं. म्हणून गप्प बसलो. आणि नाना, गेलंय ते आठवं. सहावं तिथंच लटकतंय, बघा की. माझ्यावर कशाला येता? जा, त्या टेलरला हलवा. चारला मी फोन लावणार."

त्यांचं म्हणणं सरळ होतं. मी तणतणत स्टेजमागे आलो. इसाक एकटा बसला होता. दुपारची नमाज त्याने तिथेच कोपऱ्यात पढली होती. त्याच्यापुढे पट अस्ताव्यस्त पडला होता आणि उगीच काहीतरी करायचं म्हणून तो त्याची घडी घालायला लागला.

मीही उगीच बघत बसलो. त्याने पहिलं चित्र टेबलावर ठेवलं. त्याच्यावर दुसरं उलटून टाकलं. त्याच्यावर तिसरं. एकावर एक, प्रत्येक जोडावर घडी, अगदी टोकाला टोक.

"उलटी कशी घालतोस?" मी म्हटलं. "पहिलं चित्र तळाला गेलं की."

"मांडवाची घडी अशीच असते नाना. मी आयुष्यभर मांडवाच्या झालरी शिवल्या. माणूस शिडी घेऊन मांडवाच्या आतल्या टोकाला जातो, शेवटापासून बांधत बांधत दाराकडे येतो. म्हणून शेवट वर पाहिजे. बायका लुगड्याची घडी घालतात त्यात पदर वर. आमचं उलटं."

"बुधवारी दिलास तेव्हाही अशीच घडी होती?"

"अशीच. आज मॅडमनी शिडी डावीकडे लावली म्हणून मला आख्खी सोडावी लागली."

मी उठलो. मला स्वतःचाच राग आला, सकाळपासून काखेत कळसा घेऊन गावभर फिरलो होतो. घडीच्या वर बोट ठेवलं आणि मोजायला लागलो. सगळ्यात वर तेरा. खाली बारा. अकरा, दहा, नऊ. वरून सहावी घडी कुठली? बोटं परत मोजली.

सहाव्या घडीवर आठवं चित्र असायला पाहिजे होतं.

"इसाक," मी म्हणालो, "घरात बसून गोधडी शिवणारं, यादी कानाने ऐकलेलं, आणि चित्र उघडून बघायला न धजलेलं माणूस. असं एकच माणूस मला माहीत आहे."

त्याने घडी बाजूला सरकवली. मग हळूच म्हणाला, "मला सकाळीच वाटलं होतं. आमच्या आईने आणि त्यांनी एका ओट्यावर बसून गोधड्या शिवल्यात. तो हात मी ओळखतो."

"मग बोलला का नाहीस बाबा?"

"चौऱ्याऐंशी वर्षांच्या बाईचं नाव घेऊ? पुरावा काय होता माझ्याकडे?"

ह्या माणसांनी माझा जीव घ्यायचा ठरवलंय, असं मला मनापासून वाटलं.

सहा

आबांचा बंगला नवा आहे. वर जायला लिफ्ट बसवलीय, ती आईसाठी. भिकुबाई खालीच, मागच्या खोलीत असतात, लिफ्टला त्यांनी अजून हात लावलेला नाही. मी गेलो तेव्हा त्या पलंगावर बसून डाळ निवडत होत्या.

"ये रे नाना, बठ. च्या ठेवाले सांगू का?"

"चहा नको अक्का. तो तुकडा द्या."

त्यांनी ताट बाजूला ठेवलं. नाही म्हणाल्या नाहीत, कसला तुकडा असंही विचारलं नाही. अंथरलेली गोधडी उचलली आणि खालून घडी काढून माझ्या मांडीवर ठेवली. वरची मलमल तशीच टाचलेली होती.

"फाडं नही मी," त्या म्हणाल्या. "उसवं. कोन्या बाईनी भरेल शे ते, फाडाले हात उचलना नही. मांगे शिवीबी दिधं."

"कशाला केलंत हे?"

"मना दोन्ही पोऱ्या तीन साल व्हयनात बोलतस नही. आज मना समोर बसतीन. आनि त्यासना मांगे ते चित्र? किरण वाची ऱ्हायना व्हता, सहावामा भाऊ भावाले मारस. मी वरतून सहा मोजं. काढी लिधं." त्यांनी खिडकीकडे तोंड केलं. "माले ते दखानं नव्हतं."

मी घड्याळ बघितलं. तीन वाजून दहा मिनिटं. इसाकला चोर ठरवलंय आणि चारला पोलिसांना फोन जाणार, हे मी सांगितलं. त्यांना यातलं काही कुणी सांगितलंच नव्हतं. त्या एकदम उभ्या राहिल्या, पलंगाचा दांडा धरला.

"इसाक? अमीनाना पोऱ्या इसाक?"

"हां. आणि अक्का, तुम्ही काढलं ते सहावं नव्हेच. घडी उलटी होती. भावांचं चित्र अजून पटातच आहे."

"मंग हाई काय शे?"

मला सांगायचं नव्हतं. पण त्यांनी माझ्या हातातून तुकडा घेतला, नखाने मलमलीचा टाचा उसवला आणि कापड उजेडाकडे धरलं.

मदिनाने फार काही भरलं नव्हतं. एक काळा घोडा, त्यावर तोंड फिरवलेला माणूस, म्हणजे विल्यम. जमिनीवर एक बाई. तिचे दोन्ही हात पुढे, ओंजळ केलेली, आणि ओंजळीत पिवळ्या धाग्याचं सोनं. हात चित्राच्या मानाने मोठे झाले होते.

"ही बाई कोन शे?"

"त्यासनी माय."

"काय मांगी ऱ्हायनी?"

मी त्यांच्याच बोलीत सांगितलं, कारण दुसरं काही सुचेना. "मरेल पोऱ्यानं अंग. त्याना वजनाएवढं सोनं देस म्हने, फक्त अंग द्या."

"दिधं का त्यानी?"

"नही दिधं, असं म्हनतस."

त्या पलंगावर बसल्या. ते कापड मांडीवर नीट पसरलं. रडल्या नाहीत. मग मान वर करून माझ्या खांद्यावरून दाराकडे बघितलं, म्हणून मीही वळलो. दारात आबा उभे होते. मी इकडे आल्याचं किरणने कळवलं असणार, तत्पर माणूस. किती वेळ उभे होते कोण जाणे, पण पुरेसं ऐकलं होतं.

"प्रेमराज," भिकुबाई म्हणाल्या, "गाडी काढ. मी सांगसू बठ्ठा लोकस्ले. मी चोर शे, इसाक नही."

सात

हॉलवर पोचल्यावर आबा मला आणि इसाकला घेऊन स्टेजमागे गेले आणि दार लावलं.

"इसाकभाई, चुकलं माझं," ते म्हणाले. "तुकडा मिळाला. पोलीस वगैरे काही नाही. आता विषय संपवू. आईचं नाव बाहेर येता कामा नये, हात जोडतो."

इसाकने आधी तुकडा घेतला. टेबलावर पसरला, भरलेल्या हातांवरून तळवा फिरवला. मग सुई ओवली आणि सातव्या चित्राची कड हातात घेतली.

"अम्मांचं नाव मी घेतलंय का सकाळपासून?" तो शिवता शिवता म्हणाला. "पण आबा, चोर तुम्ही मला बंद खोलीत नाही म्हणालात. चाळीस माणसांसमोर म्हणालात. आता ती घरी गेली, एव्हाना चारशे झाली असतील. तुम्ही इथं हात जोडून माझं दुकान उघडत नाही."

"मग मी काय सांगू? कुणी काढलं, लोक विचारतीलच ना."

"ते तुम्ही बघा. मी शिलाई बघतो."

आबा माझ्याकडे वळले. मी म्हटलं, माझ्याकडे बघू नका, मला घरी जायचंय. एवढ्या वर्षांत इतकं खरं मी क्वचितच बोललो असेन.

पाच वाजता पट भिंतीवर चढला, एकोणचाळीस फूट पुरा. पाहुणे आले, हारतुरे झाले. स्टेजवर आबा एका टोकाला, योगराज दुसऱ्या टोकाला, मध्ये पाहुणे आणि तीन रिकाम्या खुर्च्या. पहिल्या रांगेत भिकुबाई. इसाक मागे, दाराजवळ उभा. बसायला जागा होती, कुणी त्याला बस म्हणालं नव्हतं. सकाळचे सगळे होते, शिवाय ऐकून आलेले. सगळे अधूनमधून मागे वळून त्याच्याकडे बघत होते.

आबा माइकपुढे गेले. खाली भिकुबाईंनी उठायला काठी टेकवली. आबांनी ते बघितलं आणि भरकन बोलून टाकलं.

"सकाळी एक चित्र हरवलं होतं. मी इसाकभाईंना चोर म्हणालो. ते चित्र त्यांनी घेतलं नव्हतं. ते मी काढलं होतं. माझ्या घरी, माझ्या हाताने. मला भावांचं चित्र नको होतं, आणि चुकून हे निघालं. दोष माझा आहे. इसाकभाई, ह्या सगळ्यांसमोर तुमची माफी मागतो."

हॉलमध्ये कुजबुज उठली. मागून कुणीतरी, बहुधा मुद्दाम, मोठ्याने विचारलं, "आबा, उसवून परत शिवलंही तुम्हीच? तुम्हाला शिवता कधी यायला लागलं?"

हसू फुटलं. भिकुबाई उभ्या राहिल्या होत्या, त्यांचे ओठ हलायला लागले होते.

तेव्हा दुसऱ्या टोकाची खुर्ची सरकली. योगराज आईकडे बघत होता, शिवणारा हात कुणाचा हे तो समजला असावा. मग त्याने भावाकडे बघितलं, तीन वर्षांत पहिल्यांदा सरळ. चालत माइकपाशी आला, आबांच्या शेजारी उभा राहिला.

"शिवलं मी," तो म्हणाला. "मी होतो त्याच्यासोबत. वसतिगृहात असताना आमचे कपडे मीच शिवायचो, विचारा त्याला."

आबांनी त्याच्याकडे पाहिलं. "हो," ते म्हणाले. "हाच शिवायचा."

दोघे साफ खोटं बोलत होते. गुरुवारी रात्री योगराज धुळ्याच्या दवाखान्यात होता, हे मी स्वतः तपासलं होतं. आणि वसतिगृहात तर तो कधी राहिलाच नव्हता, दहावी नापास होऊन तो थेट शेतावर गेला. तीन वर्षं एक शब्द न बोललेली ही माणसं, आणि पहिला शब्द बोलली तो खोटा, तोही माइकवर, माझ्यादेखत.

खोटा जबाब दिसला की मी तो तिथल्या तिथे खोडायचो, मग समोर कुणी का असेना. त्या दिवशी मी खुर्चीत बसून राहिलो. मागे वळून इसाककडे बघितलं. चाळीस माणसांपैकी जी जवळ होती ती त्याच्याशी बोलायला सरकली होती आणि मॅडम त्याच्यासाठी खुर्ची ओढत होत्या. तो बसला. स्टेजवर दोन्ही भाऊ अजून माइकपाशीच उभे होते, कोणी आधी बाजूला व्हायचं हे त्यांना कळत नव्हतं.